कुठली पाळी?

साखर पेठेत आमच्या दुकानात कॅसेट भरून मिळायच्या,
साठ मिनिटांची, नव्वदची.
गिऱ्हाईक गाण्यांची नावं कागदावर लिहून आणायचं
आणि त्या एका वर्षी
दहातल्या सात कागदांवर नुसतं असायचं :
पाळीचं गाणं.

मी विचारायचो, कुठली पाळी मागलालाय ओ?
पुरुष हसायचे.
बायका कागद उलटा ठेवून
शेजारच्या दुकानातले टॉवेल बघत राहायच्या.

गाणी होती तीन.

'तिसरी पाळी' नबीलालचं.
लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट, एरवी रात्री साच्यावर.
तो म्हणायचा, चाल माझी नाहीच, साच्याची हाय,
धोटा जातो, धोटा येतो, मधे फणी आपटते,
मी फक्त फुंकलो.
एका पहाटे त्याचा डोळा लागला
आणि चादरीवरच्या मोराची मान वाकडी विणली गेली.
दोन दिवसांचा पगार कापला, चादर कुणी घेईना,
म्हणून त्यानंच घेतली, हप्त्यानं.
गाण्यात मोर नाही. नुसती झोप आहे,
आणि वरातीत लोक तिच्यावर नाचतात.

'आता पाळी तुझी' मात्र सगळ्यांना प्रेमाचं वाटलं.
नवी जोडपी कॅसेटच्या पहिल्या नंबरला मागायची.
ते केलं रेवणसिद्धनं, भावासाठी.
एक खोली, एक खाट, दोन भाऊ, उलट्या पाळ्या.
हा आला की तो उठायचा.
गोधडीला ऊब असायची, माणूस दारात चप्पल घालत असायचा.
"सात वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड
रविवारीच बघितलं," तो म्हणाला होता.
भाऊ गेल्यावर पहिल्यांदा
त्याला खाट गार लागली.
हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही.
कशाला?

तिसऱ्याचं नाव कागदावर कुणीच लिहायचं नाही.
'पाळी चुकली.'
नरसव्वा दुडम, विड्या वळणारी,
अर्धं तेलुगूत, अर्धं आपल्यात.
शटर अर्धं ओढून मी ते टेपवर घेतलं.
हात रिकामे असले की तिला गाता येईना,
म्हणून मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, कात्री.
तिसऱ्या कडव्यात कात्री खाली पडते.
ठण्णकन.
मी म्हणालो, परत घेऊ.
ती म्हणाली, परत कशाला, पडली ते पडली.

मी भीत भीत विचारलं, म्हणजे गाणं नक्की कशाचं?
माल द्यायच्या रांगेत चक्कर आली, तिनं सांगितलं,
माझी पाळी गेली. परत शेवटी उभी राहिले.
चेकरनं दोनशे विड्या छाट काढल्या.
आणि दुसरी?
तिनं एक पान कापलं, गोल फिरवून.
"तीबी. म्हणून तर चक्कर."

एकदा माझ्या हातून घोटाळा झाला.
जोडभावी पेठेतल्या लग्नाला 'तिसरी पाळी' द्यायची,
दिली ही.
पंगत बसलेली, वाढपी वांग्याची भाजी घेऊन उभे,
आणि कर्ण्यातून नरसव्वा.
नवऱ्या मुलाचा मामा टेप बंद करायला धावला.
टेपपुढं बायका बसलेल्या.
एकही सरकली नाही.
मामा भाजीसारखाच उभा राहिला, कात्री पडेपर्यंत,
आणि मग आतून कोण तरी हसलं,
मग सगळ्याच.
दुसऱ्या दिवशी त्यानं पैसे परत मागितले. मी दिले.

पुढं भोंगा थांबला. कॅसेटही थांबल्या.
आता मी मोबाईलची कव्हरं विकतो, काचा बसवतो.

परवा एक पोरगा आला. आईला पाळीचं गाणं पाहिजे म्हणाला,
आणि कानापर्यंत लाल झाला.
सवयीनं विचारलं, कुठली पाळी?
त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला.
तिकडं जरा वेळ कुणी बोलेना.
मग बाई म्हणाली,
ते ओ,
ज्यात कात्री पडते.

म्हटलं, हाय. ठेवू नका फोन.
आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढलो.